दशमीची भरती

डहाणूहून परत येऊन दहा दिवस झाले. खांदे अजून दुखतात, आणि उजव्या चपलेच्या पट्ट्यात अडकलेला खाडीचा चिखल चार वेळा घासूनही निघालेला नाही. लिहायचा कंटाळा आला होता. पण आमच्या गटातल्या बायका रोज विचारतात, कसं आहे तिथं, आम्हाला जमेल का. प्रत्येकीला वेगळं सांगण्याइतका दम माझ्यात नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

मी सांगलीची. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर आठवड्यातून दोनदा मैदानावर जमणाऱ्या बायकांचा एक गट झाला. चौदाजणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. वर्षातून एकदा आम्ही कुठेतरी जातो. डोंगर झाले, जंगल झालं, मग पाण्याची हौस आली. कयाक म्हणजे एकट्या माणसाने वल्हवायची अरुंद, हलकी होडी. ती चालवायला मी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका धरणावरच्या शिबिरात शिकले होते, तेव्हा पुढारीपण आपोआप माझ्याकडे आलं.

गेल्या वर्षी दक्षिणेकडच्या एका खाडीत आम्ही गेलो. परतताना ओहोटी लागली आणि आमच्यातली शोभा समुद्राच्या तोंडाकडे ओढली गेली. सव्वा तासाने मच्छिमारांच्या बोटीने तिला आणून सोडलं. जॅकेट होतं म्हणून वाचली. मी वळायची शिट्टी वाजवली होती, तिने ती ऐकली नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी ते मानलं. त्यानंतर शोभा मैदानावर यायची बंद झाली, आणि मला रात्री दोन-दोन वेळा जाग यायला लागली.

यंदा पुन्हा पाण्याचं निघालं तेव्हा मी ठरवलं, आधी स्वतः जाऊन बघायचं. पोहता न येणारी बाई सुखरूप जाऊन सुखरूप येईल, अशी योजना मला करता आली तर ठीक. नाही तर हा गट बंद करायचा आणि घरी बसायचं. अशा तयारीने मी निघाले होते. आणि नवशिका म्हणून सोबत नवऱ्याला घेतलं.

नवरा गणिताचा शिक्षक होता. त्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणते. वय सदुसष्ट, पोहता येत नाही, पाण्याची भीती, आणि प्रत्येक गोष्टीत शंका. चाचणीला याहून चांगला माणूस मिळाला नसता. ‘माझा बळी देणार म्हण की,’ एवढंच म्हणाले आणि बॅगेत दोन स्वेटर जास्तीचे भरले.

डहाणू

प्रवासाचं सांगत बसत नाही. संध्याकाळी साडेपाचला खाडीवर पोचलो तर खाडी होती आणि पाणी नव्हतं. राखाडी चिखलाचं एक मोठं मैदान, मधून गटारीएवढी धार, आणि होड्या एका कुशीवर कलंडलेल्या. मास्तर काठावर उभे राहून बराच वेळ बघत होते. ‘यात बुडायची भीती नाही,’ ते म्हणाले. त्यांचा चेहरा जरा खुलला होता.

आमची वाटाड्या दमयंती तिथेच भेटली. पंचेचाळीसच्या आसपासची, वरोरची, मच्छिमारांच्या घरातली. पाण्यात सापडलेल्या माणसाला कसं काढायचं याचं शिक्षण तिने रीतसर घेतलं आहे, आठ कयाक जमवले आहेत, आणि मोठा गट म्हणून आमचा पहिलाच. तिचा नवरा भास्कर मशीनची होडी घेऊन सोबत असतो. भास्कर बोलत नाही. दमयंती त्याच्या वाटचंही बोलते.

‘आज पुनव,’ ती म्हणाली. ‘दुपारी बारा वाजता या जेटीच्या वरच्या पायरीला पाणी होतं. आता बघा.’

सहा तासांत दोन माणसांच्या उंचीचं पाणी निघून गेलं होतं. आम्ही कृष्णाकाठची माणसं. आमचं पाणी एकाच दिशेने जातं, वाढलं तर पुराचं वाढतं, नाही तर महिनोन् महिने पायरी सोडत नाही. पाण्याला रोज चार वेळा मूड असतो हे मला कागदावर माहीत होतं. गेल्या वर्षीही कागदावरच माहीत होतं. त्या चिखलाकडे बघताना मी मास्तरांना म्हटलं की थंडी वाजतेय.

मी मोबाइलवर भरतीचे आकडे काढून आणले होते, तक्ता केला होता, रविवार लाल रंगाने खुणावले होते. दमयंतीने तक्ता हातात घेतला, सरळ धरला, परत दिला.

‘हा तुमचा पहिला रविवार, मॅडम, अमावस्येला लागून हाय. उधाणाचं पाणी. नवीन माणसाला मी उधाणात नाय उतरवणार.’

‘मग कसं ठरवता?’ मास्तरांनी विचारलं.

‘तिथीची पाऊणपट करायची. जी येईल ती बाराच्या पुढची वेळ. अष्टमीला साहा वाजता भरती पुरी. आमच्याकडे थोडं पुढे, अर्धा तास धरा.’

मास्तरांचा चेहरा मी लग्नानंतर इतका उजळलेला पाहिला नव्हता. ‘पाऊणकी,’ ते म्हणाले. लहानपणी पाठ केलेला पाऊणकीचा पाढा पन्नास-साठ वर्षं कुणी विचारला नव्हता. जेटीवर उभं राहून त्यांनी पाऊण, दीड, सव्वादोन, तीन असं पंधरापर्यंत म्हणून दाखवलं. दमयंती बोटांच्या पेरांवर ताडून बघत होती. कुठे चुकलं नाही. भास्करने होडी धुणं थांबवून ऐकलं, आणि शेवटी मान डोलावली.

मग तिथेच पायरीवर बसून सगळं उलगडत गेलं. अमावस्या-पुनवेला भरती दुपारची, वेळ सोयीची, पण पाण्याला ओढ फार. अष्टमीला पाण्याची ओढ कमी, त्याला ती भांगाचं पाणी म्हणते, पण भरती पहाटे नाही तर तिन्हीसांजेला. हिवाळ्यात पहाटे साडेसहाला अंधार. म्हणजे जेव्हा पाणी शहाणं तेव्हा उजेड नाही, आणि जेव्हा उजेड तेव्हा पाणी शहाणं नाही. मधला मार्ग दशमी-एकादशीचा. भरती आठ-पावणेनऊला पुरी होते, पाणी अजून फार माजलेलं नसतं, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत माणसं जेवायला काठावर.

मी कॅलेंडर काढलं. पुढच्या महिन्यातली एकादशी नेमकी रविवारी. मला इतकं बरं वाटलं की मी लगेच वहीत लिहून टाकलं.

‘बायका एकादशी करत नायत तुमच्या?’ दमयंतीने विचारलं.

चौदातल्या नऊ करतात. मी म्हटलं, साबुदाण्याची खिचडी खातात, अगदी निर्जळी नसतात.

‘खिचडी कधी खाणार? पूजा झाल्यावर, अकरा वाजता. पाण्यात उतरायचंय सात वाजता. उपाशी माणसाला चक्कर येते, आणि बाया सांगत नायत. विचारलं तर बोलतात, काय नाय, बरी आहे मी.’

हे मात्र खरं होतं. आमच्यातली एकही बाई त्रास होतोय असं पहिल्या विचारण्यात सांगत नाही. शेवटी आदल्या दिवशीची दशमी ठरली, शनिवार. मास्तर म्हणाले, शनिवार धरणाऱ्याही दोघीतिघी आहेत. दमयंतीने हात झटकला. ‘त्या शनिवारी खाऊन यायचं. मारुती समजून घेईल. पाणी नाय घेणार.’

रात्री खानावळीत ताजे बोंबील आणि तांदळाची पातळ भाकरी होती. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीवर आमटी ओतली तरी ती तग धरते, ही तांदळाची कालवणाचा स्पर्श झाला की मऊ पडते. मास्तरांनी सहा बोंबील खाल्ले. मी दोन घास खाऊन झोपले, कारण मला बसवत नव्हतं.

तलासरी

दमयंतीचा नियम असा की खाडीत उतरण्याआधी प्रत्येकाने स्थिर पाण्यात एकदा उलटायचं. आधी पडायचं, मग बसायचं. त्यासाठी ती माणसांना तलासरीकडच्या एका धरणावर नेते. परवानगीचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता.

डहाणूहून गंजाडवरून आत जायला लागलं की समुद्र आहे हे विसरायला होतं. चिकूच्या वाड्या संपतात, भातकापणी होऊन उघडी पडलेली खाचरं लागतात, मग ताडाची झाडं, कुडाच्या भिंतींचे पाडे, आणि पुढे महामार्गावर अखंड ट्रक. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला गाडीतूनच हात जोडले. थांबू या का, असं मास्तरांनी विचारलं. मी म्हटलं, येताना. येताना आम्ही दोघंही झोपलो होतो.

महामार्गाच्या कडेला मडकी उलटी पुरून त्यांवर पाला पेटवलेला दिसला. थंडीत इकडे उबाडियू करतात. वालपापडी, रताळी, कंद, सगळं हिरव्या मसाल्यात मडक्यात कोंबून, तोंड पाल्याने बंद करून भाजायचं. विकणाऱ्या बाईने दमयंतीशी गुजरातीत सुरुवात केली, माझ्याशी मराठीत बोलली, आणि नवऱ्याला हाक मारली ती तिसऱ्याच भाषेत. आमच्याकडे हुरड्याला जे कौतुक असतं ते इथे या मडक्याला आहे. धुराचा वास असलेलं ते रताळं मी उभ्याउभ्या खाल्लं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली आहे हे कळलं.

धरणाचं पाणी शांत होतं. काठावर एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन आले होते. त्यांनी मास्तरांना जॅकेट घालून, शिरस्त्राण चढवून कयाकमध्ये बसताना बघितलं आणि विचारलं, ‘पलीकडे जायचं हाय का?’

‘नाही,’ मास्तर म्हणाले. ‘इथंच पडायचंय.’

‘पडायचं?’

‘मुद्दाम.’

म्हातारेबुवा खाली बसले. असलं रोज बघायला मिळत नाही म्हणून बसले असावेत.

दमयंतीने कयाक कडेने धरून उलटा केला. मास्तर पाण्याखाली गेले. मी मनात आकडे मोजत होते. एक, दोन, तीन. चारला ते वर आले, चष्म्याची दोरी गळ्यात, तोंड उघडं, आणि जॅकेटने हनुवटी वर ढकललेली. खोकून झाल्यावर म्हणाले, ‘बुडत नाही की.’ तीन वेळा म्हणाले. पहिल्यांदा आश्चर्याने, मग तक्रारीसारखं, मग जरा आनंदाने. नंतर स्वतःहून आणखी दोनदा पडले. दमयंतीने त्यांना शिट्टी एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे वळा, आणि काही सुचलं नाही तर वल्हं आडवं धरून नुसतं बसून राहा, हे घोकून घेतलं. पाढ्यांवर वाढलेला माणूस, लगेच पाठ झालं.

मी काठावर बसून हे सगळं वहीत लिहीत होते. गेल्या वर्षी मी चौदाजणींना यातलं काहीही शिकवलं नव्हतं. अर्धा तास काठावर वल्हं फिरवायला लावलं आणि पाण्यात ढकललं. हातात पेन असताना मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी लिहिली नाही.

खाडी

तिसऱ्या दिवशी द्वितीया होती. दीड अधिक अर्धा, म्हणजे दोनला भरती पुरी. उधाण अजून सरलं नव्हतं. पण आम्ही तिघंच आणि मागे भास्करची होडी, म्हणून दमयंती तयार झाली.

तिची आखणी साधी आणि पक्की आहे. खाडीच्या तोंडापासून बऱ्याच आत उतरायचं. पावणेएकला चढत्या पाण्याबरोबर वरच्या अंगाला जायचं. भास्करने समुद्राच्या बाजूला राहायचं, म्हणजे कुणी वाहिलं तर त्याच्याकडेच येईल. जाळी बांधायचा एक जुना खांब आहे, तिथवर जायचं, आणि पोचलेलं असो वा नसो, पावणेदोनला वळायचं. ओहोटीने ओढ धरायच्या आत परत काठावर.

दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, त्यांची मुळं चिखलातून वर आलेली. बगळे हलत नव्हते. मास्तर पुढे, दमयंती त्यांच्या शेजारी हातभर अंतरावर, आणि मी मागे. ‘खाली काय आहे ते बघू नका काका, समोर बघा,’ एवढंच ती अधूनमधून म्हणायची. मास्तर समोर बघत राहिले. त्यांची पाठ ताठ होती, आणि वीसेक मिनिटांनी ती जराशी सैल झाली. सदुसष्टाव्या वर्षी त्यांना हे जमत होतं.

खांबाशी दमयंतीने दोनदा शिट्टी वाजवली. तिथून डावीकडे तिवरांत एक अरुंद फाटा जातो. आत सावली होती. मला वाटलं, बायकांना इथे आणलं तर फोटो काय सुरेख येतील.

‘तुम्ही मास्तरांना घेऊन व्हा पुढे,’ मी म्हटलं. ‘मी पाच मिनिटांत बघून येते.’

‘मॅडम, नाय. त्यात पाणी गुडघाभर हाय फक्त.’

‘पाचच मिनिटं.’

तिने मास्तरांकडे बघितलं. तिच्याबरोबर पोहता न येणारा माणूस होता, त्याला सोडून ती माझ्या मागे येणार नव्हती, आणि तेच बरोबर होतं. ती वळली. मी आत गेले.

आत खरोखर छान होतं. वारा नव्हता, आवाज नव्हता. मी वल्हं मांडीवर ठेवलं. तीन दिवस, खरं म्हणजे वर्षभर, मी नीट झोपले नव्हते. डोळे मिटले. झोपले असं म्हणणार नाही, पण पाच मिनिटं नक्कीच नव्हती. कयाक तिरका झाला तेव्हा जाग आली. खाली पाणी नव्हतं. वल्हं टेकवलं तर ते कोपरापर्यंत चिखलात गेलं आणि बाहेर काढताना माझ्या हातातून सुटलं.

बत्तीस वर्षं खेळ शिकवलेली बाई मी. उतरून ढकलू म्हटलं आणि एक पाय बाहेर टाकला. मांडीपर्यंत आत गेला. तो काढायला दुसरा टाकला. मग मी नुसती कयाकच्या काठाला धरून उभी राहिले, आणि शिट्टी वाजवली, आणि वाजवत राहिले.

भीती वाटली. खेकडे आजूबाजूला फिरत होते आणि पाणी समोरून निघून चाललं होतं. आणि तेव्हा, पळायला कुठेच जागा नसताना, गेल्या वर्षीची ती दुपार मला जशी होती तशी आठवली. शोभाने शिट्टी ऐकली नाही हे खोटं होतं. शिट्टी वाजवायच्या वेळी मी वाजवलीच नव्हती. मला बायकांना खाडीचं तोंड, समोरचा समुद्र दाखवायचा होता. शोभा माझ्या शेजारी होती. तिने विचारलं होतं, ‘वळायचं का गं?’ आणि मी म्हटलं होतं, ‘पाचच मिनिटं.’ शिट्टी वाजवली ती शोभा ओढली जायला लागल्यावर.

दमयंती पाऊण तासाने आली. मास्तरांना काठावर पोचवून, त्यांना चहा देऊन, मग आली. भास्करची होडी फाट्याच्या तोंडाशी थांबली, आणि ती होडीतली लांब फळी चिखलावर टाकून तिच्यावरून पालथी सरकत आली.

‘उभं राहू नका, ताई. झोपा. कयाकवर पोट टाका, पाय हळू हळू हलवा.’

मॅडमची मी ताई झाले होते. चिखलात पालथी पडून, इंच इंच सरकत, मी त्या होडीपर्यंत पोचले. डाव्या पायातली चप्पल आत राहिली. होडीत बसल्यावर माझे दात वाजत होते. भास्करने मशीन सुरू केलं.

मग दमयंती म्हणाली, ‘दुसरं कोण असतं तर मी ओरडले असते. वल्हं धरून कयाक मागे ओढला असता. तुम्ही मॅडम म्हणून मी गप बसले. ती चूक माझी.’

‘चूक माझी आहे.’

‘तुमची हायच,’ ती म्हणाली. ‘मी माझी सांगते.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘तुमचा ग्रुप मी घेते. पण मागे कधी फिरायचं ते मी ठरवणार. पाण्यात तुम्ही मॅडम नाय. चालेल तर या.’

मी हो म्हटलं. तिचा हा पहिलाच मोठा गट, तरी तो गेला तर जाऊ दे अशा तयारीने ती हे बोलली होती. माझ्यात ते धाडस कधीच नव्हतं. काठावर मास्तर ग्लास हातात धरून उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत मी चिखलाने माखले होते. त्यांनी जास्तीच्या स्वेटरांपैकी एक माझ्या अंगावर टाकला.

घरी

सांगलीला आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोभाला फोन केला. वर्षभरानंतर. तिने उचलला. मी सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा काहीतरी सारवासारव केली असती. पाच मिनिटांचं सांगितलं, शिट्टीचं सांगितलं, चूक माझी होती असं सांगितलं.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘हे मला काय सांगतेस? मी तिथंच होते.’

मी समोरची वही मिटली.

‘माझ्या मुलाला वाटतं, आईला शिट्टी ऐकू येत नाही, सांगितलेलं कळत नाही. सकाळी फिरायला निघाले तरी सुनेला मागं पाठवतो. बँकेत एकटी जाऊ देत नाही. नुसता बुडण्याचा धोका असता तर मी दोन महिन्यांत विसरले असते, सुमन. तू ज्यांना खोटं सांगितलंस त्यांना सांग.’

तिने फोन ठेवला. रागाने ठेवला असं नाही, बोलणं संपलं म्हणून ठेवला.

मी दिवसभर योजना लिहीत बसले. दशमी, शनिवार. शुक्रवारी तलासरीला सगळ्यांनी पाण्यात पडायचं. सकाळी सहाला पोटभर न्याहारी, उपास कुणाचाही चालणार नाही. प्रत्येक दोघींमागे एक जाणता माणूस, त्यासाठी दमयंती वरोरहून सहाजणींना आणि कमी पडणारे कयाक आणणार आहे. होडी समुद्राच्या अंगाला. वळायचं कधी ते दमयंती ठरवेल, आणि तिने सांगितल्यावर सुमनने काहीही म्हटलं तरी ऐकायचं नाही. हे सगळं लिहून झाल्यावर त्याच्या वर, अगदी पहिल्या ओळीपासून, गेल्या वर्षी काय झालं ते लिहिलं. मास्तरांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. तिथे मी लिहिलं होतं, ‘शिट्टी वाजवायला थोडा उशीर झाला.’ ते म्हणाले, ‘किती?’

मी ‘थोडा’ खोडलं. दहा मिनिटं लिहिलं आणि गटावर पाठवलं.

संध्याकाळपर्यंत कुणी उत्तर दिलं नाही. मग एकीने लिहिलं, वाचलं. दुसरीने तेवढंच. तिघींनी आपली नावं काढून घेतली, आणि त्यांना मी काय म्हणणार होते. बाकीच्यांचं अजून ठरायचं आहे, त्याच रोज विचारतात.

काल सकाळी साडेसातला शोभाचा फोन आला. धाप लागलेली होती. मागून गाड्यांचे आवाज येत होते. मी विचारलं, कुठे आहेस.

‘कृष्णेच्या घाटावर,’ ती म्हणाली. ‘चालत आले.’

‘सूनबाई आहे सोबत?’

‘नाही,’ शोभा म्हणाली. ‘तू लिहिलेलं मुलाला दाखवलं. आज कुणी नाही.’